पैदाशीचे वराह निवडताना रक्तातले आयजीएफ-१: कधी मोजायचे, कसे वाचायचे, कुठे फसगत होते

दिगंत

वाढीच्या संप्रेरकांवरून पैदाशीचे नर-मादी निवडण्याबद्दल अधूनमधून तुटक चर्चा होते. त्यात तीन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते: रक्तातले वाढ संप्रेरक, रक्तातले आयजीएफ-१ (इन्सुलिनसारखा वाढ घटक, म्हणजे वाढीशी जोडलेले दुसरे एक संप्रेरक) आणि आयजीएफ२ या जनुकातला बदल. पुढची चर्चा एका जागी राहावी म्हणून हा धागा.

वाढ संप्रेरक पिट्युटरी ग्रंथीतून ठोक्याठोक्याने सुटते. एकाच पिल्लाचे दोन नमुने तासाभराच्या अंतराने घेतले तर आकड्यांत जमीन-अस्मानाचा फरक पडू शकतो. म्हणून निवडीसाठी त्याचा एकेरी नमुना निरुपयोगी. आयजीएफ-१ प्रामुख्याने यकृतात तयार होते आणि रक्तात बहुतांश बंधक प्रथिनांना चिकटून फिरते. त्यामुळे दिवसभरात पातळी बरीच स्थिर राहते आणि एका थेंबावर भरवसा ठेवता येतो.

या कामाचा पाया ऑस्ट्रेलियात घातला गेला. ४-५ आठवड्यांच्या पिल्लांचे आयजीएफ-१ आणि पुढची कामगिरी यांचा संबंध अनेक चाचण्यांत तपासला गेला, आणि २००५ साली त्या सगळ्यांचे एकत्रित निष्कर्ष आले. आनुवंशिकता (जनावराजनावरातल्या फरकातला वंशातून येणारा वाटा) सरासरी ०.३१. पाठीच्या चरबीशी आनुवंशिक सहसंबंध सरासरी ०.५७, खाद्य रूपांतर गुणोत्तराशी (म्हणजे एफसीआरशी, एक किलो वाढीला किती किलो खाद्य लागते त्याच्याशी) ०.६५. दोन्ही संबंध धन आहेत. म्हणजे ज्या पिल्लाचे आयजीएफ-१ आनुवंशिकरीत्या कमी, ते पुढे कमी चरबीचे आणि कमी खाद्यात वाढणारे. 'वाढीचे संप्रेरक जास्त म्हणजे जनावर चांगले' असे धरून निवड केली, तर कळप नेमका उलट्या दिशेने जातो.

मृणाल_पशुवैद्यक

धागा काढलात ते बरे झाले. 'आयजीएफ-१ कमी तेच चांगले' या मुद्द्याला एक पुरवणी जोडते: हे फक्त लहान वयातल्या नमुन्याला लागू आहे. वयात येताना आणि विक्रीच्या वजनाच्या आसपास आयजीएफ-१ बरेच बदलते, खच्ची न केलेल्या नरांत तर ते ठळकपणे वाढते. त्या वयातल्या नमुन्याचा अर्थ वेगळा. ४-५ आठवड्यांचे सहसंबंध घेऊन २० आठवड्यांच्या नराचे रक्त वाचू नका.

आणि या तपासणीतला सगळ्यात मोठा धोका आजार हा आहे. हगवण, फुप्फुसाचा दाह, सांधेसूज, काहीही झाले की दाह निर्माण करणारी रसायने यकृताला आयजीएफ-१ तयार करू देत नाहीत. उपाशी पिल्लाचेही तेच. प्रथिने किंवा जस्त कमी पडले तरी तेच. आपण कमी आकडा शोधत असल्यामुळे आजारी पिल्लू यादीच्या डोक्यावर जाऊन बसते! कच्चा आकडा लावून वरची पिल्ले उचलणाऱ्याने खरे तर कळपातली रोगट पिल्ले निवडलेली असतात.

वंशावळ

अगदी सहमत, मृणालताई. म्हणूनच कच्चा आकडा कोणालाही दाखवू नये असे माझे मत आहे. एक हिशेब मांडतो, आकडे केवळ समजण्यासाठी.

पिल्लू अ: आयजीएफ-१ ९० नॅनोग्रॅम प्रति मिलि. त्याच्या तुकडीची सरासरी ८५.
पिल्लू ब: १३०. त्याच्या तुकडीची सरासरी १६०.

कच्च्या आकड्यात अ 'चांगले'. पण अ आपल्या तुकडीपेक्षा ५ ने वर आहे आणि ब ३० ने खाली. आनुवंशिकता ०.३१ धरली आणि नातेवाईकांची माहिती बाजूला ठेवली, तर पैदास मूल्याचा (जनावराच्या गुणातल्या वंशाच्या भागाचा) अंदाज अ साठी +१.५५ आणि ब साठी −९.३. निवडायचे ते ब. अ ची अख्खी तुकडीच कमी आहे. तिथे दूध, खाद्य, थंडी किंवा रोग यांपैकी काहीतरी बिघडलेले असण्याची शक्यता मोठी.

तुकडी म्हणजे एकाच आठवड्यात विणलेल्या, एकाच खोलीत राहिलेल्या, एकच खाद्य खाल्लेल्या माद्यांची पिल्ले. तुकडीत किमान १५-२० पिल्ले हवीत आणि ती निदान २-३ वेगवेगळ्या नरांची हवीत. तुकडीत एकाच बापाची पिल्ले असतील तर तुकडीचा परिणाम आणि बापाचा परिणाम वेगळे काढायला कोणतेही गणित पुरत नाही.

सोनल

नमुना प्रत्यक्ष घ्यायचा कसा, हे कोणी पायरीपायरीने लिहील का? रक्ताची नळी भरावी लागते की थेंब चालतो? आणि दूध तोडण्याआधी की नंतर?

मृणाल_पशुवैद्यक

सोनल, थेंब चालतो. नवजात बाळांच्या चाचणीला वापरतात तसे जाड गाळणकागदाचे कार्ड घ्यायचे, ज्यावर सुमारे १३ मिमीची वर्तुळे छापलेली असतात. एका वर्तुळाला साधारण ५० ते ७५ मायक्रोलिटर रक्त लागते.

आधी कार्डावर टॅग क्रमांक, तारीख, तुकडी लिहून घ्या. पेन्सिल किंवा न पसरणारी शाई. रक्त लागलेल्या हातांनी नंतर लिहायला गेलात की क्रमांकांची अदलाबदल ठरलेली, आणि चुकीच्या जनावराच्या नावावर गेलेला आकडा पुढे कोणालाच सापडत नाही. कानाच्या कडेची शीर असलेली जागा पुसून पूर्ण कोरडी होऊ द्या, स्पिरिट ओले असेल तर थेंब पातळ होतो. लॅन्सेटने टोचा, पहिला थेंब पुसून टाका, दुसरा मोठा होऊ द्या आणि कार्डाला एकदाच टेकवा. वर्तुळ मागच्या बाजूपर्यंत भिजले पाहिजे. अर्धवट भरलेल्या वर्तुळावर वाळल्यावर दुसरा थेंब टाकायचा नाही, नवे वर्तुळ घ्यायचे. प्रत्येक पिल्लाची दोन वर्तुळे भरा. कान पिळून रक्त काढू नका, त्यात ऊतींतले पाणी मिसळते.

कार्डे आडवी ठेवून, एकमेकांना न टेकवता, सावलीत ३-४ तास वाळवा. ऊन नको, ड्रायर नको. पूर्ण वाळल्यावर ओलावा शोषणाऱ्या पुडीसह हवाबंद पिशवीत घालून फ्रीजमध्ये. काही महिने ठेवायची असतील तर उणे २० अंशांवर. दमट हवेत उघडी राहिलेली कार्डे फेकून द्यावीत, त्यावर भरवसा नाही.

आता दूध तोडण्याबद्दल. पिल्ले आईपासून तोडली की पहिले काही दिवस खाणे कोसळते आणि त्याबरोबर आयजीएफ-१ ही. ही घसरण वंशाची नव्हे, उपासाची असते. म्हणून तोडण्याच्या दिवशीच, पिल्ले आईजवळून हलवण्याआधी नमुना घेणे सगळ्यात सोयीचे. तेव्हा पिल्ले वजनासाठी आणि टॅगसाठी हाताळली जातातच. काही कारणाने नंतरच घ्यायचा असेल तर खाणे पूर्ववत झाल्यावर, आणि दर तुकडीत तोच दिवस. काही तुकड्या आधी आणि काही नंतर, असे मात्र कधीच नको.

कोरडाथेंब

प्रयोगशाळेच्या बाजूने लिहितो, कारण अर्धी गडबड तिथे होते.

वाळलेल्या थेंबातून साधारण ३ मिमीची चकती कापतात, तिच्यात जेमतेम ३ मायक्रोलिटर रक्त असते. एक चकती मधून आणि दुसरी काठावरून कापली तर फरक पडतो, कारण रक्ताचा घट्टपणा जसा असेल तसे ते कागदात कमीजास्त पसरते. सगळ्यांची चकती एकाच जागेवरून घ्यायची. दोन नमुन्यांच्या मध्ये कोऱ्या कागदावर पंच मारून घ्यावा, म्हणजे आधीचा अंश पुढे जात नाही.

एलायझा (प्रतिपिंड वापरून प्रमाण मोजणारी, अनेक खळग्यांच्या प्लेटवर होणारी चाचणी) करण्याआधी आयजीएफ-१ ला बंधक प्रथिनांपासून सोडवावे लागते, आम्ल-इथेनॉलने किंवा जास्तीचे आयजीएफ-२ (त्याच बंधक प्रथिनांना चिकटणारे भावंड संप्रेरक) घालून. ही पायरी कच्ची राहिली तर प्रथिने प्रतिपिंडाशी स्पर्धा करतात आणि आकडा भलताच येतो. प्रयोगशाळेला हा प्रश्न आधी विचारा. उत्तर स्पष्ट नसेल तर दुसरी प्रयोगशाळा शोधा.

प्रत्येक नमुना जोडीने तपासावा, आणि जोडीतला फरक दहा टक्क्यांच्या वर गेला तर पुन्हा. प्रत्येक प्लेटवर तोच एक कमी आणि तोच एक जास्त पातळीचा नियंत्रण नमुना हवा. हे नमुने प्लेटगणिक सरकत असतील तर दोष प्लेटचा आहे, पिल्लांचा नाही.

आणि नमुने प्लेटवर कसे मांडता हे सगळ्यात महत्त्वाचे. एका नराची सगळी पिल्ले एका प्लेटवर टाकली की तो नर 'कमी' आहे की ती प्लेट, हे सांगता येत नाही. भावंडे वेगवेगळ्या प्लेटवर वाटा. प्लेट क्रमांक जपून ठेवा आणि विश्लेषणात घाला.

वंशावळ

कोरडाथेंब यांनी लिहिलेले छापून भिंतीवर लावावे असे आहे.

विश्लेषणाचा साचा असा: तुकडी, लिंग, आईचे वेत (पहिलटकरीण वेगळी), नमुन्याच्या दिवशीचे वय आणि प्लेट हे परिणाम ठेवायचे, एकाच वेतातल्या भावंडांचा सामाईक परिणाम यादृच्छिक घटक म्हणून वेगळा, आणि वंशावळीसह जनावराचा परिणाम. तो वेताचा घटक वगळला तर जास्त दूध देणाऱ्या आईची अख्खी वेत आनुवंशिक फरक म्हणून मोजली जाते आणि आनुवंशिकता फुगते. पिल्ले दुसऱ्या मादीखाली लावली असतील तर जन्म देणारी आणि पाजणारी अशा दोन्ही माद्यांची नोंद हवी. वंश जन्मदात्रीचा, दूध पाजणारीचे.

सरासरीबरोबर विचलनही वाढत असेल तर आकड्यांचा लॉगरिदम घेऊन काम करावे.

नमुन्याच्या दिवशीच्या वजनाची दुरुस्ती करू नये, असे माझे मत. वजनातही आनुवंशिक भाग आहे. त्याची दुरुस्ती केली की हवा असलेला फरकही त्याच्याबरोबर निघून जातो. वजन वेगळा गुणधर्म म्हणून बहुगुणी (अनेक गुणधर्म एकत्र घेणाऱ्या) विश्लेषणात घाला.

मृणाल_पशुवैद्यक

वजनाची दुरुस्ती नको हे पटते, पण वजन तपासायला हवेच. आयजीएफ-१ कमी आणि जन्मापासूनची वाढही तुकडीत तळाला, असे पिल्लू संशयित. आयजीएफ-१ कमी आणि वाढ सरासरीइतकी किंवा वर, हा खरा उमेदवार. उपचार झालेल्या पिल्लाची नोंद विश्लेषणातून वगळा, शून्य किंवा सरासरी भरू नका. पिल्लू यादीत राहू द्या, त्याचे मूल्य भावंडांवरून निघेल.

बाभूळ

मूळ प्रश्न विचारतो. ऊर्जा-कार्यक्षमता सरळ मोजता येत असताना हा आडमार्ग कशासाठी? प्रत्येक जनावराचे खाद्य नोंदवणारी स्वयंचलित केंद्रे आहेत की.

दिगंत

बाभूळ, कारण जागा. एका केंद्रावर १२-१५ जनावरे, आणि तीही सुमारे १० आठवडे. त्यामुळे खाद्याची नोंद मोजक्याच नरांची होते, माद्यांची जवळपास नाहीच. हिशेब बघा.

समजा ५०० पिल्ले आहेत आणि केंद्रांवर जागा १००. स्वतःच्या एका आयजीएफ-१ नोंदीची अचूकता (पैदास मूल्याचा अंदाज खऱ्या मूल्याशी किती जुळतो) ०.३१ चे वर्गमूळ, म्हणजे ०.५६. ती एफसीआरकडे वळवायची तर गुणिले ०.६५, म्हणजे ०.३६. पाचातले एक निवडल्यास निवडीची तीव्रता (निवडलेली जनावरे सरासरीपेक्षा किती प्रमाण विचलने पुढे) १.४०. फायदा: १.४० × ०.३६ = सुमारे ०.५० आनुवंशिक प्रमाण विचलन, तेही खाद्याचा एक दाणा न मोजता. मग केंद्रावरच्या १०० मधून १०: तीव्रता १.७५, एफसीआरची आनुवंशिकता ०.३० धरली तर अचूकता ०.५५, फायदा सुमारे ०.९६. पहिल्या चाळणीने थोडी विविधता कमी केल्यामुळे दुसऱ्या टप्प्याचा फायदा यापेक्षा जरा उतरतो, तरीही दोन टप्प्यांची बेरीज एकट्या केंद्रापेक्षा बरीच वर जाते.

रक्ततपासणी ही पहिली चाळणी आहे. केंद्र बंद करून तिच्यावर विसंबणे मला मान्य नाही.

बाभूळ

हिशेब पटला, पण तो सगळा ०.६५ वर उभा आहे. माझ्या कळपात ते ०.४० असेल तर?

दिगंत

तर अचूकता ०.२२ आणि पहिल्या टप्प्याचा फायदा ०.३१. अजूनही शून्याच्या वर, पण खर्च परवडतो का हे पुन्हा पाहावे लागेल. ०.६५ ही अनेक चाचण्यांची सरासरी आहे आणि चाचण्यांमध्ये फरक होता. विशेष म्हणजे बाह्य सहसंबंध, म्हणजे प्रत्यक्ष जनावराचा आकडा आणि त्याचाच एफसीआर यांतला संबंध, बराच कमी निघाला होता, ०.१५ च्या आसपास. त्यामुळे 'या पिल्लाचे आयजीएफ-१ कमी, म्हणून हे पिल्लू कमी खाईल' असे एका जनावरापुरते म्हणता येत नाही. उपयोग पैदास मूल्यातून होतो, अंतिम कत्तलीच्या जनावरांची छाननी करायला नाही.

उलट बाजूनेही पुरावा आहे. अमेरिकेत आयोवा राज्य विद्यापीठात यॉर्कशायर जातीत फक्त 'उरलेल्या खाद्यावर' निवड केली, म्हणजे वाढ आणि चरबी यांना जेवढे लागते त्याहून जास्त किती खाल्ले यावर. ते कमी होईल अशी पिढ्यान्‌पिढ्या निवड केल्यावर पिल्लांमधले आयजीएफ-१ ही घटले, हे २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. तिथे दोघांचा आनुवंशिक सहसंबंध ०.६३ आला. निवड खाद्यावर केली आणि संप्रेरक आपोआप सोबत हलले, हा मला सगळ्यात भक्कम पुरावा वाटतो.

वंशावळ

स्वतःच्या कळपात पडताळायचे असेल तर थेट आनुवंशिक सहसंबंध काढायच्या मागे लागू नका. काहीशे नोंदींवर त्याची प्रमाण चूक (अंदाजातली अनिश्चितता) इतकी मोठी येते की ०.२ आणि ०.७ यांत फरक करता येत नाही. त्याऐवजी आयजीएफ-१ चे पैदास मूल्य सगळ्यात कमी असलेले ४-५ नर आणि सगळ्यात जास्त असलेले ४-५ नर घ्या, त्यांची पिल्ले एकाच वेळी, मिसळून, केंद्रावर ठेवा आणि दोन्ही गटांचे खाद्य, वाढ, चरबी ताडून पाहा.

सोनल

एक व्यवहारातली अडचण. नर पिल्ले पहिल्या आठवड्यातच खच्ची होतात आणि नमुना चौथ्या आठवड्यात. तोवर निवडायला नर उरतच नाहीत.

मृणाल_पशुवैद्यक

अगदी बरोबर, आणि योजना आखताना हेच विसरले जाते. खच्ची करण्याआधी आई-बापाच्या पैदास मूल्यावरून वेती निवडायच्या आणि त्या वेतांतले दोष नसलेले नर (हर्निया नाही, दोन्ही वृषणे उतरलेली, सडांची संख्या पुरेशी) तसेच ठेवायचे. रक्ततपासणी मग त्या वेतीच्या आत भावाभावांत निवड करते. सख्ख्या भावांचे आई-बापावरून काढलेले मूल्य सारखेच असते, त्यांच्यात फरक दाखवणारी ही पहिली माहिती, म्हणून तिथे तिची किंमत सगळ्यात जास्त.

बाभूळ

आणखी एक शंका. वाढ संप्रेरक टोचलेल्या वराहांत आयजीएफ-१ वाढते आणि चरबी घटते. मग इथे उलटे कसे?

मृणाल_पशुवैद्यक

टोचलेले वाढ संप्रेरक चरबीच्या पेशींवर थेट काम करते, इन्सुलिनचा चरबी साठवण्याचा परिणाम दाबते. आयजीएफ-१ तिथे सोबत वाढते, चरबी घटण्याचे मुख्य कारण ते नव्हे. इथे आपण बाहेरून काही देत नाही. जनावराजनावरातल्या नैसर्गिक फरकाची नोंद घेतो. जास्त खाणाऱ्या, चरबीकडे झुकणाऱ्या वंशांत लहानपणी आयजीएफ-१ जास्त सापडते, एवढाच तो सहसंबंध. ज्या कळपात संप्रेरक टोचले जाते तिथले टोचलेल्या जनावरांचे नमुने अर्थातच बाद.

कोरडाथेंब

दिगंत यांनी सुरुवातीला आयजीएफ२ जनुकाचा उल्लेख केला होता, तो राहून गेला.

वंशावळ

तो मी घेतो, कारण नावाच्या साम्याने खूप घोळ होतो. आयजीएफ-१ ची तपासणी म्हणजे रक्तातली पातळी: वय, खाद्य, आजार यांनी हलणारी. आयजीएफ२ ची तपासणी म्हणजे डीएनए: जन्मापासून तीच, केस किंवा कानाच्या तुकड्यावरूनही होते. २००३ मध्ये उप्साला आणि लिएज इथल्या गटांनी दाखवले की दुसऱ्या गुणसूत्रावरच्या या जनुकाच्या तिसऱ्या इंट्रॉनमध्ये (प्रथिनाची माहिती नसलेल्या तुकड्यात) ३०७२ व्या जागी जी या डीएनए-अक्षराऐवजी ए आला की दमनकारी प्रथिनाला तिथे बसता येत नाही, आणि जन्मानंतर स्नायूत आयजीएफ२ सुमारे तिप्पट व्यक्त होते. मांस वाढते, पाठीची चरबी घटते. ते दमनकारी प्रथिन २००९ मध्ये ओळखले गेले, त्याचे नाव झेडबीईडी६.

व्यवहारात महत्त्वाचे म्हणजे फक्त बापाकडून आलेली प्रत बोलते, आईकडची मुकी असते. एए नर (दोन्ही प्रतींत ए असलेला) वापरला की आई कोणतीही असो, सगळी पिल्ले मांसल बाजूची. त्यामुळे अंतिम संकराचा (विक्रीची पिल्ले देणारा) नर एए ठेवायचा आणि माद्यांच्या वंशात जी प्रत राखायची, म्हणजे मादीच्या अंगावर दूध पाजण्यापुरती चरबी राहते आणि विक्रीची पिल्ले तरी मांसल निघतात. एजी नर वापरला तर निम्मी पिल्ले एक तऱ्हेची, निम्मी दुसरी, आणि वजन-चरबीत एकसारखेपणा राहत नाही.

सोनल

माद्यांच्या चरबीचा विषय निघालाच आहे तर: आयजीएफ-१ कमी करत गेलो तर भूकही कमी होणार ना? दूध पाजणाऱ्या मादीला ते परवडेल?

दिगंत

नाही परवडत. खाद्यग्रहणाशी सहसंबंध सरासरी ०.४१ आहे, म्हणजे खाणे थोडे खाली जाणारच. दूध पाजताना मादी कमी खाते, अंगावरची चरबी आणि स्नायू झिजवते, आणि दूध तोडल्यावर माजावर यायला उशीर करते. माद्यांच्या वंशात आयजीएफ-१ ला निवडीच्या निर्देशांकात (सगळे गुणधर्म एकत्र करून काढलेल्या गुणांकात) हलके वजन द्या आणि त्याच्याबरोबर दूध पाजताना खाल्लेले खाद्य, विल्यापासून दूध तोडेपर्यंतची वजनघट आणि तोडल्यापासून माजापर्यंतचे दिवस हे गुणधर्म नोंदवा. पाठीच्या चरबीला किमान मर्यादा ठरवून तिच्याखालच्या तरुण माद्या पैदाशीतून काढा, त्यांचे आयजीएफ-१ कितीही चांगले असले तरी. नरांच्या अंतिम वंशात मात्र त्याला पूर्ण वजन देता येते.

बाभूळ

आता जीनोमिक निवड (डीएनएवरून पैदास मूल्य काढणे) आल्यावर हे सगळे कालबाह्य नाही का?

वंशावळ

जीनोमिक निवडीला संदर्भ कळप (डीएनए आणि प्रत्यक्ष नोंदी दोन्ही असलेली जनावरे) लागतो, आणि त्यात खाद्याच्या नोंदी थोड्याच असतात. डीएनए चिपवर तपासलेल्या हजारो पिल्लांची आयजीएफ-१ नोंद सोबत असेल तर बहुगुणी विश्लेषणात ती खाद्यकार्यक्षमतेच्या मूल्याला आधार देते. मोठा संदर्भ कळप आणि भरपूर केंद्रे असलेल्यांना तिचा फायदा कमी. ज्यांच्याकडे वंशावळ चोख आहे, केंद्रे मोजकी आहेत, त्यांना जास्त. वंशावळच धड नसेल तर मात्र रक्त काढण्याआधी टॅग आणि नोंदवही दुरुस्त करा, पिल्लांना विनाकारण टोचू नका.